७२ तासांची गोळी रोजची नाही

कलिन्यात विद्यापीठाच्या जवळच आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी काउंटरवर मी असते. कंडोम हवा असलेली मुलं आधी क्रोसिन मागतात, मग ओआरएस, आणि दुकान रिकामं झालं की मुद्द्यावर येतात. मुली बोलतच नाहीत, मोबाइल पुढे करतात. त्यावर तातडीच्या गोळीचा फोटो असतो, म्हणजे असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी.

२००५पासून ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. हे चांगलंच झालं, मी कुणाला कधी उलटे प्रश्न विचारत नाही. पण एकच मुलगी महिन्यात पुन्हापुन्हा तीच न्यायला लागली की मला राहवत नाही. परवा अशाच एकीला बाजूला घेतलं.

"दर वेळी घेतेच ना ताई, मग काय टेन्शन?"

तिला सांगितलं, अगं, ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते. झालेल्या संबंधापुरतीच ती. आज घेतलीस आणि परवा पुन्हा संबंध आला, तर तिच्या भरवशावर राहू नकोस. ७२ तास आहेत म्हणून थांबायचंही नाही, जितकी लवकर तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट कर.

नेहमीसाठी काय, तर माला-एन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. छायात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेट, मायग्रेन, बीपी, सिगारेट काही लपवू नकोस. ती सगळं मोबाइलमध्ये टाइप करून घेत होती. तिचा मित्र बाहेर बाइकवर बसून होता.

मला राग येतो तो याचा. गोळी तिने गिळायची, मळमळ तिने सोसायची, पैसेही बहुतेक वेळा तिनेच द्यायचे. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या त्या माणसाला या कामापायी नोकरी सोडावी लागली. आणि आमच्या पोरांना पायरी चढून आत यायला जमत नाही!

मुलांनो, आत या. गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही, तिथे कंडोमच लागतो. पाकिटावरची तारीख बघून घ्या. मागच्या खिशातल्या वॉलेटमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, उष्णतेने आणि घासून रबर खराब होतं. काही विचारायचं असेल तर सरळ विचारा, मी सांगेन.