कुठला ॲड-ब्लॉकर? आधी ब्राउझर कुठला ते सांगा

ॲड-ब्लॉकर म्हणजे पानावरच्या जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. 'कुठला ॲड-ब्लॉकर टाकू?' हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की उत्तर आधीच देऊन टाकते. संगणकावर फायरफॉक्स असेल तर यूब्लॉक ओरिजिन. क्रोम सुटत नसेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण विचारणारे सहसा थांबत नाहीत. 'माझ्याकडे आधीपासून एक आहे, तो वाईट आहे का?' हे लगेच येतं, आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही.

एक्स्टेंशन टाकताना ब्राउझर एक छोटी चौकट दाखवतो. हे एक्स्टेंशन सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकेल, असं तीत स्वच्छ लिहिलेलं असतं. आपण न वाचता पुढे जातो. वाचलं तरी पुढे जावंच लागतं, कारण पानात हात घालू दिला नाही तर बहुतेक ब्लॉकरांना काम करता येत नाही. पण त्या वाक्यात बँकेचं पान येतं, मेल येते, तपासणीचे रिपोर्ट येतात. जाहिरातवाल्यांनी पाळत ठेवू नये म्हणून आपण त्यांच्याहून मोठा अधिकार तिसऱ्याच कुणाला तरी देत असतो. म्हणून ब्लॉकर किती जाहिराती अडवतो, हे मी नंतर बघते. तो कोणाचा आहे आणि त्याचा खर्च कोण भागवतं, हे आधी.

हा संशय उगाच नाही. नॅनो ॲडब्लॉकर आणि नॅनो डिफेंडर अशी दोन चांगली चाललेली एक्स्टेंशनं होती. ऑक्टोबर 2020 मध्ये मूळ विकसकाने ती दुसऱ्यांना विकली. नव्या मालकांनी पुढच्याच अपडेटमध्ये भलता कोड घातला, आणि लोकांच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून त्यांच्या नकळत लाइक पडायला लागले. कुणी काही नवं बसवलं नव्हतं, कशावर क्लिक केलं नव्हतं. एक्स्टेंशन गुपचूप आपोआप अपडेट होतात, तसंच तेही झालं. गूगलने नंतर ती काढून टाकली. पण आज विश्वासू असलेलं एक्स्टेंशन उद्या दुसऱ्याच्या मालकीचं होऊ शकतं आणि तुम्हाला त्याची चिठ्ठीसुद्धा येत नाही, हे त्यातून कळलं.

आता 'माझ्याकडे आहे तो'. बहुतेकांकडे ॲडब्लॉक प्लस असतो. नाव जुनं, माहितीतलं. त्याच्यामागच्या आयओ या जर्मन कंपनीने 2011 मध्ये 'स्वीकारार्ह जाहिराती' नावाची योजना आणली: आकार, जागा वगैरे निकषांत बसणाऱ्या जाहिराती ब्लॉकर सोडून देणार. लहान साइटना हे फुकट. पण या सवलतीमुळे ज्यांच्या जाहिराती महिन्याला 1 कोटीपेक्षा जास्त वेळा अधिक दिसणार, त्या बड्या कंपन्यांनी वाढीव कमाईतला साधारण 30 टक्के वाटा आयओला द्यायचा. ही सोय सुरुवातीपासून चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण काढली की बंद होते. यात लपवाछपवी नाही, कंपनी स्वतःच हे सांगते. पण जो ब्लॉकर जाहिरातवाल्यांच्या पैशावर चालतो, त्याने कुठली जाहिरात सोडायची हे ठरवावं, हे मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर ठेवा. मात्र ती खूण चालू आहे की बंद, एवढं तरी आजच बघा.

यूब्लॉक ओरिजिनची गोष्ट वेगळी. रेमंड हिल या प्रोग्रॅमरने 2014 मध्ये यूब्लॉक लिहिला. 2015 मध्ये त्याने प्रकल्प दुसऱ्याच्या हाती दिला, ते त्याला मानवलं नाही, आणि स्वतःची वेगळी आवृत्ती काढून तो काम करत राहिला. तीच यूब्लॉक ओरिजिन. उरलेला नुसता 'यूब्लॉक' 2018 मध्ये ॲडब्लॉक या तिसऱ्याच ब्लॉकरकडे गेला आणि पुढच्या वर्षी त्यातही स्वीकारार्ह जाहिराती आल्या. म्हणून शोधताना नाव पूर्ण बघा. हिल देणग्या घेत नाही. द्यायचंच असेल तर फिल्टर-याद्या, म्हणजे काय अडवायचं याच्या याद्या, सांभाळणाऱ्यांना द्या, असं तो सांगतो.

आणि त्याचं म्हणणं खरं आहे, कारण ब्लॉकरची सगळी अक्कल याद्यांत असते. सर्वांत प्रसिद्ध ईझीलिस्ट. ती 2005 पासून आहे. यादी म्हणजे हजारो ओळींची साधी मजकुराची फाइल. ओळ दोन उभ्या रेघांनी सुरू झाली (||) तर पुढच्या पत्त्यावरून काही आणायचंच नाही. मध्ये ## आलं तर पानावरचा तो तुकडा लपवायचा. सुरुवातीला @@ असेल तर इथे सूट. स्वयंसेवक या ओळी रोज घालतात, काढतात. एखाद्या साइटने रात्री जाहिरातीचा पत्ता बदलला, तर सकाळपर्यंत कुणीतरी नवी ओळ लिहिलेली असते.

अडवणं आणि लपवणं यातला फरक बघायचा असेल तर यूब्लॉक ओरिजिनचा लॉगर उघडा. पान कुठून काय मागवतं, त्या प्रत्येक विनंतीची नोंद त्यात दिसते. ब्लॉकरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर जी पेटी उघडते, तिच्यात तळाशी त्याचं बटण असतं. मग दुसऱ्या टॅबमध्ये बातम्यांची एखादी साइट उघडायची. पहिल्या काही ओळी त्याच साइटच्या असतात: पान, फोटो, फाँट. मग अनोळखी पत्ते सुरू होतात आणि लाल, म्हणजे अडवलेल्या, ओळींची रांग लागते. कोण मोजणी करतंय, कोण तुमच्या ब्राउझरला ओळखक्रमांक चिकटवू पाहतंय, कोण जाहिरातीच्या जागेचा लिलाव मांडतंय. हा लिलाव सेकंदाच्या अंशात उरकतो. तुम्ही कुठलं पान वाचताय, कुठल्या यंत्रावर आहात, साधारण कुठे आहात, हे त्यात बोली लावणाऱ्या सगळ्यांकडे जातं. जो हरला त्याच्याकडेही. जाहिरात एकाचीच दिसते, माहिती सगळ्यांना मिळते. नुसतं लपवलं तर तुम्हाला जाहिरात दिसत नाही, पण लिलाव होऊन गेलेला असतो. विनंतीच अडवली तर तुमच्या नावाने लिलाव भरतच नाही. मी ब्लॉकर वापरते ते मुख्यतः यासाठी. पान स्वच्छ दिसतं हा वरचा फायदा.

आणखी एक कारण आहे आणि ते घरातल्या वयस्कर माणसांसाठी जास्त महत्त्वाचं. शोधनिकालांत सर्वांत वर खरी साइट असेल असं आपण धरून चालतो, पण तिथे कुणीही पैसे देऊन बसू शकतं. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सावध केलं होतं की ठग नामांकित कंपन्यांच्या नावाने शोधनिकालांत जाहिराती देतात आणि हुबेहूब पानावर नेऊन पासवर्ड काढून घेतात. बचावाच्या उपायांत त्यांनी ॲड-ब्लॉकर वापरा असंही लिहिलं होतं. ग्राहकसेवेचा नंबर शोधणाऱ्या माणसाला पहिली तीन उत्तरं दिसलीच नाहीत, तर त्याचं भलंच होतं.

मग ब्राउझरचा प्रश्न आधी का? पूर्वी ब्राउझर प्रत्येक विनंती ब्लॉकरला दाखवायचा आणि 'जाऊ देऊ का?' विचारायचा, निर्णय ब्लॉकरचा. मॅनिफेस्ट व्ही3 या नव्या नियमावलीत क्रोमने हे उलटं केलं. ब्लॉकरने आपले नियम आधीच लिहून ब्राउझरच्या हवाली करायचे, लावायचे ते ब्राउझर लावेल. नियमांना मर्यादाही आहे: एका एक्स्टेंशनला 30,000 ची हमी, त्यापुढची जागा बसवलेल्या सगळ्या एक्स्टेंशनांनी मिळून वाटून घ्यायची. जून 2024 पासून क्रोमने जुन्या पद्धतीच्या एक्स्टेंशनांवर इशारे दाखवायला घेतले आणि 2025 च्या मध्यापर्यंत ती बंद केली. यूब्लॉक ओरिजिन त्यातच गेला. तुमच्या क्रोममधून तो एक दिवस नाहीसा झाला असेल तर कारण हे. गूगल म्हणतं, हे सुरक्षेसाठी आणि वेगासाठी. त्यात तथ्य आहे. वर नॅनोचं सांगितलंच. पण सर्वांत मोठ्या जाहिरात कंपनीने जाहिराती अडवणाऱ्यांचे हात बांधले की लोक भुवया उंचावणारच.

यूब्लॉक ओरिजिन लाइट हा हिलनेच नव्या नियमांत बसवून लिहिलेला ब्लॉकर. त्याच्या याद्या एक्स्टेंशनच्या अपडेटबरोबरच नव्या होतात, त्यामुळे चिवट साइटशी झुंजताना तो मागे पडतो. रोजच्या वाचनाला मात्र पुरतो. आणि माझ्या विश्वासाच्या कसोटीवर त्याची एक बाजू उजवी आहे: बेसिक पातळीवर ठेवला तर सगळं काम ब्राउझरच करतो, एक्स्टेंशनला पानात डोकवायची गरज पडत नाही.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने त्यात जुनी सोय ठेवली आहे, त्यामुळे तिथे पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतो. पाळत ठेवणारे काही ट्रॅकर साइटच्याच उपपत्त्याचा बुरखा पांघरून येतात. त्यामागचा खरा पत्ता हुडकणं त्याला फायरफॉक्समध्येच जमतं, क्रोममध्ये जुन्या पद्धतीतही जमत नव्हतं. (मोझिलाची बहुतांश कमाई गूगलला शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येते, हेही सांगायला हवं. या धंद्यात धुतल्या तांदळाचं कुणी नाही.) ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये ब्लॉकर आतच बसवलेला असतो आणि चांगला चालतो, पण त्या कंपनीचा स्वतःचा जाहिरातींचा व्यवसाय आहे, हे माहीत असू द्या.

मोबाइलचं थोडक्यात. अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाका, त्यात यूब्लॉक ओरिजिन चालतो. तिथल्या क्रोममध्ये एक्स्टेंशनच चालत नाहीत. आयफोनवर सफारीला 2015 पासून कंटेंट ब्लॉकर लावता येतात आणि 2025 पासून लाइटही सफारीसाठी मिळतो. ॲपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड 9 आणि पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा). तिथे जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता घातला की फोनभर फरक पडतो. मात्र डीएनएसला फक्त पत्ता कळतो. जिथून व्हिडिओ येतो तिथूनच जाहिरात आली तर त्याचा इलाज चालत नाही. यूट्यूब नेमकं तसंच आहे, आणि 2023 पासून त्यांनी ब्लॉकर वापरणाऱ्यांना अडवणंही वाढवलंय. ब्लॉकर आज चालतो, परवा अडकतो, याद्या नव्या केल्या की पुन्हा चालतो. रोज तासन् तास यूट्यूब बघणाऱ्यांना मी सरळ वर्गणी भरा म्हणते.

वापराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन ब्लॉकर एकत्र ठेवू नका. एकाने केलेली युक्ती दुसरा मोडतो आणि साइटला तुम्ही सापडता. सगळ्या याद्यांवर खुणा करू नका. सुरुवातीला चालू असतात त्या पुरेत, फार तर कुकीच्या चौकटी लपवणारी एखादी वाढवा. पैसे भरताना पडताळणीची खिडकी उघडली नाही, फॉर्मचं बटण मेलं, तर ब्लॉकरच्या चिन्हावर क्लिक करून उघडणाऱ्या पेटीतलं मोठं पॉवरचं बटण दाबा, पान ताजं करा, काम उरका. सूट त्या एका साइटपुरतीच मिळते आणि पुन्हा दाबेपर्यंत राहते.

'फुकट वाचता आणि जाहिरातही नको?' हेही विचारलं जातं, बहुधा साइट चालवणाऱ्यांकडून. आक्षेप पोकळ नाही. जर्मनीतल्या ॲक्सल श्प्रिंगर या प्रकाशन समूहाने ॲडब्लॉक प्लसवर खटला भरला होता. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ब्लॉकर देणं ही अनुचित स्पर्धा नाही असा निकाल दिला. पण कायद्याने चालतं म्हणून मन मोकळं होत नाही. माझा रिवाज असा: ज्या साइटवर मी नेहमी जाते, तिच्यासाठी एकदा लॉगर बघते. जाहिरात त्यांनी स्वतः लावलेली असेल, दोन-चार बाहेरचे पत्ते असतील, तर पॉवरचं बटण दाबून सूट देते. वर्गणी घेत असतील आणि परवडत असेल तर वर्गणी भरते. लाल ओळी स्क्रोल करून संपत नसतील, तर तिथे सूट नाही. त्यांनी 'कृपया ब्लॉकर बंद करा' म्हटलं तरी नाही.

तर तुमच्याकडे जो आहे, त्याचं काय करायचं? एक्स्टेंशनांचं पान उघडा आणि त्याचं पूर्ण नाव वाचा. तो कुणी बनवलाय आणि पैसे कुठून येतात, हे त्याच्या माहितीच्या पानावर पाच मिनिटांत सापडलं नाही तर काढून टाका. नवा घेताना शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या निकालावर जाऊ नका, ती जाहिरात असू शकते. ब्राउझरच्या स्वतःच्या एक्स्टेंशन-दालनात जा आणि विकसकाचं नाव ताडून घ्या. आणि हे करतच आहात तर त्याच पानावर कधीकाळी टाकलेली कूपन शोधणारी, स्क्रीनशॉट काढणारी, हवामान सांगणारी एक्स्टेंशनंही असतील. त्यांतल्या बऱ्याच जणांकडे तीच सगळं वाचायची परवानगी आहे.