उरलेले उभ्याने येईल

मंगळवार, रात्रीचे साडेदहा.

अप्पांच्या डायलिसिसला आज एक वर्ष झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर खेपेस चार तास.

सुरुवातीचे कित्येक महिने माझे सगळे लक्ष क्रिएटिनिनच्या, म्हणजे रक्तात साठणाऱ्या टाकाऊ द्रव्याच्या, आकड्यावर असे. डायलिसिसनंतर तो खाली येतो आणि पुढच्या खेपेपर्यंत पुन्हा चढतो, कारण यंत्र रक्त गाळून देते, मूत्रपिंड बरे करत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावले होते. तरीही अहवाल हाती आला की या वेळी काही वेगळे दिसेल अशी आस लागे, आणि ते दिसले नाही की माझा चेहरा उतरे. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी धरायची, बटाटा चिरून, भिजवून, ते पाणी ओतून देऊन मगच शिजवायचा, शहाळे बंद. हे सारे अप्पा बिनतक्रार पाळत होते, पण आपल्यापायी मुलगा खचतो आहे, हे त्यांना सुयांपेक्षा जास्त टोचत होते, हे मला फार उशिरा कळले. मायेपोटी मी त्यांच्याकडे बरे होण्याचा तगादा लावला होता.

अप्पांनी ३१ वर्षे एसटीत कंडक्टरकी केली. गेल्या पावसाळ्यात एकदा त्यांचे वजन तीन किलोंनी वाढलेले भरले. अंगात साठलेले किती पाणी काढायचे, याचा हिशेब तंत्रज्ञ करत असताना अप्पा म्हणाले, "अडीच लिटर इथं उतरवा, उरलेलं अर्धा लिटर उभ्यानं येईल." शेजारच्या खाटेवरच्या, एरवी कोणाशी न बोलणाऱ्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, आणि हसता हसता लक्षात आले की त्या दिवशीचा अहवाल मी अजून उघडलेलाच नाही.

विनोदाने दुखणे हलके होते, असे मी म्हणणार नाही. त्याच रात्री पायांत गोळे येऊन ते कळवळत होते. पण त्या एका वाक्यापुरती घंटीची दोरी पुन्हा त्यांच्या हातात आली होती, आणि मी ती इतके दिवस अडवून धरली होती.

हे यंत्र घडवणारे डॉक्टर विलेम कोल्फ मला अलीकडे फार जवळचे वाटतात. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन गावी, फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून त्यांनी रोग्यांचे रक्त गाळले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रोगी दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. तोवर दर वेळी नव्या खाटेपाशी ते कोणत्या बळावर उभे राहिले असतील, याचा मी बसल्या बसल्या विचार करतो.

झोपण्यापूर्वी अप्पांच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिन्यांवर, बोटे ठेवून आतली थरथर लागते का, हे रोज पाहावे लागते. आताच पाहून आलो. "इंजिन चालू आहे ना?" त्यांनी डोळे मिटूनच विचारले. चालू आहे म्हणालो, आणि बोटे थोडा वेळ तशीच ठेवली.