पाच हजार लिटर दूध आणि जनरेटरकडे उलटी गेलेली वीज

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पावणेअकराला आष्टी तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रावरून फोन आला. ऑपरेटर तात्या म्हणाले, "सायब, जनरेटर आधी लई रेस झाला, मंग समदंच बसलं. अन् ऊन तर चांगलं कडक पडलंय." ऊन कडक, बॅटरी बऱ्यापैकी भरलेली, जोडीला जनरेटर, आणि केंद्र मात्र बंद. टाकीत आदल्या संध्याकाळचं आणि सकाळचं मिळून पाच हजार लिटर दूध होतं. टँकर दुपारी येणार होता.

हे केंद्र बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते आणि दूध त्या वेळा पाळत नाही, म्हणून यंत्रणा पूर्ण ऑफ-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनशिवाय चालणारी, केलेली. १००० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर त्यातून साधारण ३५ युनिट उष्णता काढावी लागते. कॉम्प्रेसर एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता काढतो असं धरलं, तर १४ युनिट वीज लागते. मे महिन्यात कंडेन्सरवर ४२-४३ अंशांची हवा येते, तेव्हा हाच हिशेब १७ च्या पुढे जातो. म्हणजे पाच हजार लिटरला ७० ते ८७ युनिट, वर गरम पाणी, पंप, दिवे. रोजचे ११० युनिट धरून ५५० वॅटची ७२ पॅनेल, म्हणजे ३९.६ किलोवॅट, बसवली. १८-१८ पॅनेल एकापुढे एक जोडलेल्या चार स्ट्रिंग, पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारे २० किलोवॅटचे दोन सोलर इन्व्हर्टर. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट, सुमारे १०० युनिट. बॅटरी भरणारे आणि तिच्यातून केंद्राला वीज देणारे १५ केव्हीएचे तीन बॅटरी इन्व्हर्टर, फेजला एक. जोडीला ४० केव्हीएचा डिझेल जनरेटर.

पोचल्यावर आधी इन्व्हर्टरचा लॉग लॅपटॉपवर उतरवून घेतला. दोन दिवस आभाळ भरलेलं होतं, पहाटे ५:४० ला बॅटरी २५ टक्क्यांवर आली आणि जनरेटर आपोआप सुरू झाला. इथवर सगळं बरोबर. तो थांबायचा आकडा मात्र ९० टक्के ठेवलेला होता. म्हणजे दिवस उजाडून सोलर कामाला लागला तरी जनरेटर चालूच. १०:३८ ला ढग फाटले. पावसानं धुतलेली, गार झालेली पॅनेल एकदम ३४ किलोवॅटवर गेली. नेमकं त्याच मिनिटाला दूध ४ अंशांवर आलं आणि दोन्ही कॉम्प्रेसर थांबले. लोड १४ वरून ३ किलोवॅटवर.

उरलेले ३१ किलोवॅट बॅटरीत जायला हवे होते. एरवी तीन इन्व्हर्टर मिळून ६०० अँपिअरनं तेवढे घेतातही. पण बॅटरीच्या खोलीच्या खिडकीला पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री लावलेली होती. वर पत्रा, इन्व्हर्टर त्याच खोलीत, पहाटेपासून सलग चार्जिंग. सेलचं तापमान ४६ अंश. बीएमएसनं, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या तिच्याच सर्किटनं, सेल वाचवायला चार्जिंगची मर्यादा २०० अँपिअरवर, म्हणजे जेमतेम १० किलोवॅटवर आणली. राहिलेले २० किलोवॅट जाणार कुठं? गेले जनरेटरमध्ये.

इथं ऑफ-ग्रिड डिझाइनमधली एक खोच आहे. एकटा बॅटरी इन्व्हर्टर चालू असतो तेव्हा वीज जास्त झाली की तो फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या वर नेतो आणि सोलर इन्व्हर्टर ती ओळखून उत्पादन कमी करतात. जनरेटर जोडला की फ्रिक्वेन्सी जनरेटरची. बॅटरी इन्व्हर्टरच्या हातातला लगाम सुटतो. इंजिनाला मागून ढकल लागते, वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल तोडतो, तरी वेग चढतच राहतो. तात्यांनी ऐकलेलं रेस होणं ते हेच. लॉगमध्ये काही सेकंदांत ५१.८ हर्ट्झ, फेजला २६२ व्होल्ट, मग जनरेटर ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप. लगाम परत हातात आला, पण फ्रिक्वेन्सी वाढवून सोलर कमी व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यात ती सगळी वीज बॅटरीवर आदळली आणि बीएमएसनं कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, उघडला. काळोख.

जानेवारीत यंत्रणा सुरू करताना जनरेटरची चाचणी झाली होती. हवा गार होती, दोन्ही कॉम्प्रेसर चालू होते. म्हणजे जी वेळ वाईट, तीच तपासायची राहिली.

आधी दूध वाचवायचं होतं. दोन्ही सोलर इन्व्हर्टरचे एसी ब्रेकर पाडले, ताडपत्री काढली, बाहेरचा पेडेस्टल फॅन आणून खोलीच्या दारात ठेवला. बीएमएस रीसेट करून बॅटरी इन्व्हर्टर नुसत्या बॅटरीवर उठवले, एक कॉम्प्रेसर घेतला, तो स्थिर झाल्यावर दुसरा. दोन्ही एकदम घ्यायचे नाहीत. साडेपाच किलोवॅटची मोटर चालताना ११ अँपिअर घेते, डायरेक्ट स्टार्ट होताना सहापट. शेवटी एकच सोलर इन्व्हर्टर चढवला. टाकीचं इन्सुलेशन चांगलं होतं. थर्मामीटर ४.६ अंश दाखवत होता.

जनरेटरच्या सायलेन्सरच्या जोडावर काळं, चिकट तेल ओघळलेलं दिसलं. ४० केव्हीए म्हणजे ३२ किलोवॅट. त्याच्या ३० टक्क्यांखाली, १० किलोवॅटच्या आत, तो तासन् तास चालला की सिलिंडर तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही आणि असं बाहेर येतं. ९० टक्क्यांच्या त्या एका आकड्यानं इंजिनही खराब होत होतं.

पुढच्या पंधरवड्यात दुरुस्ती केली. निम्मी, म्हणजे ३६ पॅनेल एसीवरून काढून डीसीवर घेतली. पॅनेलची वीज थेट बॅटरीत भरणारे, कमाल ४५० व्होल्ट, २०० अँपिअरचे दोन चार्ज कंट्रोलर, प्रत्येकावर सहा पॅनेलच्या तीन स्ट्रिंग. नऊ-नऊच्या केल्या असत्या तर केबल वाचली असती, पण पॅनेलचे ओपन सर्किट, म्हणजे लोड नसतानाचे, व्होल्ट ५० च्या आसपास असतात आणि थंडीत पहाटे पाचेक टक्के वाढतात. नऊचे ४७० होतात आणि कंट्रोलर जातो. हे कंट्रोलर थेट बीएमएसचं ऐकतात, बॅटरी नको म्हणाली की हात आखडतात. एसीवर राहिलेल्या इन्व्हर्टरपुढे चार पोलचा कॉन्टॅक्टर घातला. जनरेटर चालू झाला की त्याच्याच रनिंग सिग्नलनं तो उघडतो. वर रिव्हर्स पॉवर रिले: जनरेटरमध्ये १.६ किलोवॅट वीज पाच सेकंद उलटी गेली की तो जोड तोडतो. एवढं करून रिले कशाला, असं केंद्राच्या सचिवांनी विचारलं. कॉन्टॅक्टर चिकटू शकतो, म्हणून.

जनरेटर आता ३० टक्क्यांना सुरू होतो, ६० ला थांबतो. वरचं काम सोलरचं. जनरेटरकडून घ्यायचा करंट फेजला ३२ अँपिअर ठेवला, म्हणजे तो २२ किलोवॅटवर, सत्तर टक्क्यांच्या आसपास, नीट तापून चालतो. बॅटरीच्या खोलीला आतून थर्मोकोलचं छत, ३२ अंशांना सुरू होणारा एक्झॉस्ट फॅन आणि पावसाचं पाणी न घेणारी जाळीची झडप लावली.

मग भर दुपारी जनरेटर मुद्दाम चालू केला, दोन्ही कॉम्प्रेसर घेतले आणि एकदम पाडले. तात्या कान टवकारून जनरेटरपाशी उभे होते. मीटरवर ५०.९ झालं आणि लगेच खाली आलं. "रेस न्हाई झाला," तात्या म्हणाले. आम्ही हीच चाचणी आणखी पाच वेळा घेतली.