विसर्जन रथ घडवताना : माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाने यंदा विसर्जन रथाचं काम माझ्याकडे दिलं. कार्यकर्त्यांना पिसारा फुलवलेला मोर हवा होता, मला जुन्या वाड्यांच्या महिरपी आणि खांबांवरची केळफुलं आणायची होती. दोन्ही घ्यायचं ठरलं. पण चित्राला हात लावण्याआधी मी रस्ता मोजायला घेतला, कारण रथ मांडवात बसून राहत नाही.

रात्री वर्दळ ओसरल्यावर फुटांच्या खुणा केलेला बांबू घेऊन आम्ही मंडईतून निघालो. बेलबाग चौक, मग लक्ष्मी रस्त्याने थेट अलका चौक. केबल कुठे लोंबते, कुठली फांदी आडवी येते, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली किती वळते, सगळं वहीत उतरवलं. अलका चौकापुढे लकडी पुलावरून मेट्रोचा पूल जातो. २०२१ मध्ये मंडळांनी त्याला विरोध केला तो रथांच्या उंचीपायीच.

वेल्डिंगवाले मामा वही बघून म्हणाले, "ताई, पिसारा उभाच ठेवलात तर पहिल्या केबलला अडकेल." मग त्यांनीच त्याला बिजागऱ्या आणि मागे हाताने फिरवायची विंच लावून दिली. वायर दिसली की पिसारा मागे निजवायचा, पुढे गेलं की पुन्हा उभा. माझ्या मते अख्ख्या रथातलं सगळ्यात सुंदर काम हेच!

सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपचा, ट्रॉलीवर नट-बोल्टने कसलेला. वजन जितकं खाली तितकं बरं, म्हणून वरच्या भागात लोखंड कमी आणि बुरूड आळीतल्या कामट्या जास्त. जनरेटर वेगळ्या गाडीवर ठेवला. त्याची धग आणि धूर मूर्तीजवळ नको होता, ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या तोंडावर तर नकोच.

राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे. मला त्याचं दुःख नाही. केळफुलं आम्ही कागदाच्या लगद्याची केली. वर्तमानपत्रं भिजवून कुटली, त्यात खळ आणि खडूची पूड मळली आणि तो लगदा साच्यात दाबला. थर्माकोल कटरने झटपट कापता येतो, पण लगद्यावर बोटांचा दाब उमटतो आणि फूल जिवंत वाटतं. भाद्रपदातला पाऊस कधीही येतो, त्यामुळे प्रत्येक फूल खडखडीत वाळवून त्यावर वॉर्निशचे हात दिले. वायरचे सगळे जोड पाणी न शिरणाऱ्या डब्यांत बंद केले.

डोकं सगळ्यात जास्त लागलं ते बाप्पाच्या चेहऱ्यासाठी. फुटपाथवरचा माणूस मान वर करून बघतो, गॅलरीतली आजी वरून. खालून प्रकाश टाकला की सोंडेची सावली कपाळावर चढते आणि चेहरा उग्र दिसतो. म्हणून पिवळसर दिवे समोरून, दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या जरा वरून सोडले. महिरपही मुद्दाम रुंद ठेवली. कडेला उभ्या असलेल्या लहान मुलालाही दर्शन मिळायलाच हवं.

मानाचे पाच गणपती सकाळपासून मार्गस्थ होतात, आमच्यासारख्या रोषणाईच्या रथांची वेळ रात्री येते. बेलबाग चौकात वळताना मामा स्वतः विंचपाशी उभे होते. लक्ष्मी रस्त्यावर पिसारा निजून पुन्हा उभा राहिला की दोन्ही बाजूंनी "मोरया!" उठायचं.

आता सांगाड्याच्या प्रत्येक पाइपवर रंगाने आकडा घातलाय आणि सगळे भाग मंडळाच्या खोलीत रचून ठेवलेत. पुढच्या वर्षी मोराऐवजी दुसरं काहीतरी येईल, महिरप मात्र हीच राहणार.