मांडवात झेंडा नको
आज अर्धा दिवस साताऱ्यात डेकोरेटरकडे गेला, धाकट्याचं लग्न २६ जानेवारीला, नवरदेव फौजी, म्हणून सगळ्यांना देशभक्तीची थीम पाहिजे. डेकोरेटर म्हणाला स्टेजमागं अशोकचक्रासकट झेंड्यांची झालर सोडू, एकदम झक्कास! बाबा रिटायर्ड सुभेदार, तोवर गप चहा पीत होते, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "झेंडा सजावटीला नसतो रे, २००२ ची ध्वजसंहिता आहे, वाच जरा." डेकोरेटर गारच. मग ठरलं, केशरी झेंडू, पांढरी शेवंती, आंब्याचे डहाळे, बास. सकाळी वऱ्हाड आधी शाळेत झेंडावंदनाला, मग अक्षता. जेवणात जिलेबी, ती तर त्या दिवशी लागतेच. आई मात्र अक्षता तिरंगीच करणार म्हणून अडून बसलीय, तिच्यापुढं सुभेदारसाहेबही गप्प.