सहा मिनिटं उशिरा चाललेली बस

सांगलीत पळायला शिकवणाऱ्या कोचची मोठी अडचण म्हणजे इथं चढच नाही. कृष्णेचा काठ, हरिपूर रोड, विश्रामबाग, सगळं सपाट. रेल्वेच्या उड्डाणपुलाला आमची मंडळी 'हिल ट्रेनिंग' म्हणतात. खरा चढ हवा तर पहाटे उठून दंडोबाच्या डोंगरावर जायचं. अशा लोकांना घेऊन सातारा हिल हाफ मॅरेथॉनला गेलो, आणि त्या वर्षी अडीच तासांच्या बसचा पेसरही मीच होतो. बस म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत संपवायला एकत्र पळणारा घोळका, आणि पेसर म्हणजे हातात फ्लॅग घेऊन त्यांना त्या वेळेत नेणारा.

हिशेब सोपा दिसतो. २१.१ किलोमीटर अडीच तासांत, म्हणजे किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं ६ सेकंद. पण साताऱ्यात सरासरी काही कामाची नाही. गावातून निघून समर्थ मंदिर मागं पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, पुढं कासच्या रस्त्यानं जाऊन वळायचं आणि आल्या वाटेनं परत. जाताना चढ, येताना उतार. घाटात ७:०६ धरून ठेवला तर नाडी अशी चढते की वळणाच्या आधीच माणूस संपतो. म्हणून वेग सोडायचा आणि दम सारखा ठेवायचा. एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, एवढीच माझी कसोटी.

घाटात धुकं, वरून भुरभुर. मी पावलं लहान केली, किलोमीटरला पावणेआठ-आठ मिनिटांवर आलो. बसमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली. हळदीच्या व्यापारातले आमचे एक काका दर किलोमीटरला घड्याळ बघून म्हणायचे, "सर, लेट चाललोय आपण."

"काका, वाक्य पूर्ण बोललात ना? मग बरोबर चाललोय."

आमच्यातला एक इंजिनिअर पोरगा मात्र वैतागला. "बस पंक्चर झालीय काय सर?" म्हणाला आणि सुटला पुढं. त्याच्यामागं आणखी बरेच जण गेले. थांबवायचं कसं? घड्याळ त्यांच्याच बाजूनं बोलत होतं. वळणावर आम्ही पोचलो तेव्हा १ तास २१ मिनिटं झाली होती. सरासरीनं १ तास १५ व्हायला हवी होती. हिरवा फ्लॅग हातात धरून सहा मिनिटं मागं पळायचं, आणि समोरून उतरणारे ओळखीचे लोक आपल्याकडं बघून हसतायत. पेसरला फुकट मिळणारा हा मान.

उतारावर किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या आत आलो. इथंही अडवणं होतंच, फक्त उलट्या बाजूनं. उतारावर दम लागत नाही, म्हणून लोक ढांगा टाकतात. ढांग पुढं पडली की टाच आधी आपटते आणि सगळं वजन मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच पेलतो. दर पावलाला ब्रेक. तो स्नायू मोडतो तो इथंच, चढावर नाही. मी ओरडत होतो, "पावलं बारीक! मागं रेलू नका!" काका तर अक्षरशः तुरुतुरु चालले होते.

घाट उतरता उतरता पुढं गेलेले एकेक परत दिसायला लागले. कुणी कठड्याला धरून उभं, कुणी चालत. इंजिनिअर मांडी दाबत रस्त्याकडेला बसला होता. थोडं मीठ-साखरेचं पाणी दिलं, पाय सरळ करायला सांगितलं आणि मेडिकलच्या स्वयंसेवकाला हाक मारली. मला थांबता येणार नव्हतं. पेसर थांबला तर मागच्या सगळ्यांची वेळ गेली. ही गोष्ट मनाला लागते, पण नियम बरोबर आहे.

गावात शिरलो तेव्हा हलगी वाजत होती, दारात उभ्या बायका "चला काका, राहिलं थोडंच" म्हणत होत्या. सातारकर खरंच घरचं कार्य असल्यासारखे रस्त्यावर येतात. काकांनी रेषा ओलांडली २ तास २९ मिनिटांत, आणि पहिला प्रश्न, "एक मिनिट शिल्लक कसं राहिलं सर?" व्यापारी माणूस.

इंजिनिअर चालत-पळत उशिरा आला. त्या दिवशी म्हणाला, फार दुखत नाही. मंगळवारी त्याचा फोन आला. "सर, जिना चढता येतोय, उतरता येईना झालंय."

हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जोर धरतं. दाबून मालिश करू नको, हळूहळू चालत राहा, असं सांगितलं. दंडोबाला आता आम्ही चढून गेल्यावर गाडीनं खाली येत नाही.