चावी फिरवली, तरी इंजिन बंद होईना

मे महिन्यातील एका सकाळी बीडच्या बाह्यवळणावरील माझ्या दुकानापुढे एक दहा चाकी ट्रक येऊन थांबला. चालक पन्नाशी उलटलेले होते आणि रात्रभर जागल्याचे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होते. जालन्याहून सोळा टन सळई भरून ते सोलापूरकडे निघाले होते आणि आदल्या रात्री शहागडजवळ गोदावरीच्या पुलावर गाडीची सगळी वीज एकाएकी गेली होती. पंधरा-वीस मिनिटांनी ती आपली आपण परत आली, तेव्हा त्यांनी कशीबशी गेवराई गाठली आणि उजाडेपर्यंत तिथेच गाडी उभी ठेवली.

"मिस्त्री, पंधरा दिवसांत ही चौथी खेप आहे," ते म्हणाले. "दोन बॅटऱ्या नव्या टाकल्या, डायनमो भरून घेतला, बॅटरी तोडायचा कटऑफ स्विच काढून वायर डायरेक्ट केली. आता मालक गाडीच इकायची म्हणतोय."

अधूनमधून होणारा बिघाड हा आमच्या धंद्यातला सर्वांत छळणारा प्रकार असतो, कारण गाडी दुकानात आली की ती शहाण्या पोरासारखी वागते. हीही तशीच वागली. चावी फिरवताच सेल्फने, म्हणजे स्टार्टर मोटरने, इंजिन उचलले, सगळे दिवे लागले, हॉर्न खणखणीत वाजला. दोन्ही बॅटऱ्या मिळून 25.3 व्होल्ट होते आणि इंजिन चालू केल्यावर आकडा 27.9 वर गेला. चोवीस व्होल्टच्या गाडीत याहून चांगले आकडे मागायचे नसतात. त्यानंतर मी कॅबिनमधल्या फ्यूज बॉक्सवर मीटर लावला, तर तिथेही 25.3 व्होल्ट. इंजिन बंद ठेवून, बॅटरी सोडवून कॅबिनकडे वीज नेणाऱ्या मेन वायरची सलगता तपासली, तर मीटरने शिट्टी दिली, म्हणजे वायर अखंड. एक तास गेला आणि माझ्या आधीच्या तिघा मिस्त्रींनी जे केले असावे नेमके तेच मी करून बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे. चांगला मीटर तपासणीच्या वेळी जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे जाड वायरीतील शंभर तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. हेडलाइटचे ओझे पडल्यावर त्या एका तारेचे काय होईल, हे त्याला कळत नाही. मला हे ठाऊक होते, तरीही सवयीने हात तिकडेच गेला.

चहा मागवला आणि चालकांना पुलावरची हकिकत पहिल्यापासून सांगायला लावली. आतापर्यंत त्यांना सगळ्यांनी काय बंद पडले एवढेच विचारले होते; मी काय चालू राहिले ते विचारले.

"चालू? इंजिन चालूच होतं की," ते म्हणाले. "तेच तर लफडं. पूल संपल्यावर कडेला घेतली अन् चावी बंद केली, तर इंजिन बंदच होईना. शेवटी गिअरमधे टाकून क्लच सोडला तवा धक्का खाऊन बंद पडलं."

या एका वाक्यात निम्मा बिघाड सापडला. ही गाडी 2014 सालची, यांत्रिक पंपाची. तिच्या इंजिनाला चालू राहण्यासाठी वीज लागत नाही. उलट बंद करायला लागते, कारण बंद करायला चावी फिरवली की सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर ओढल्या जाणाऱ्या खटक्याला, वीज मिळते आणि तो पंपाचे डिझेल तोडतो. म्हणजे कॅबिनमध्ये वीज नव्हती, पण इंजिन फिरत होते आणि त्याच्याबरोबर वीज बनवणारा डायनमोही फिरत होता. बॅटरी किंवा तिची तार तुटली असती, तर फिरत्या डायनमोने, भले लुकलुकत का होईना, दिवे काही वेळ तरी धरून ठेवले असते. डायनमो गेला असता, तर बॅटरीने धरले असते. दोघेही एकाच क्षणी निकामी झाले असे मानण्यापेक्षा, दोघांची वीज एकत्र होऊन जिथून कॅबिनकडे जाते तो रस्ताच तुटला असे मानणे सरळ होते. या गाडीत डायनमोची वायर आणि बॅटरीची वायर दोन्ही सेल्फच्या मोठ्या बोल्टवर येतात आणि तिथून एकच जाड वायर कॅबिनच्या फ्यूज बॉक्सला जाते. 2020 नंतरची बीएस-6 गाडी असती तर कॉम्प्युटरची वीज जाताच इंजिनही पुलावरच थांबले असते, आणि ही खूण आम्हाला मिळालीच नसती.

इंजिन बंद पडल्यावर सेल्फने काय केले, हेही विचारले. "काहीच नाही, टकसुद्धा नाही," ते म्हणाले. बॅटरी उतरलेली असली की सेल्फ टकटक करतो. इथे सेल्फला इशारा देणारी वीजसुद्धा कॅबिनमधूनच येत असल्याने तो मुका राहिला, आणि सेल्फ उचलत नाही म्हणजे बॅटरी, या ठोकताळ्यावर मालकाचे दोन नव्या बॅटऱ्यांचे पैसे गेले.

एक शंका उरली होती. टिल्ट होणारी कॅबिन रबरावर बसलेली असते, त्यामुळे तिचे अर्थिंग एका पट्टीवर अवलंबून असते आणि ती पट्टी तुटली तरी कॅबिन मरते. मात्र मागचे लाल दिवे आपले अर्थिंग चासीवरून घेतात, त्यामुळे ते अशा वेळी पेटते राहायला हवेत. मी क्लीनरकडे पाहिले. तो सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तोवर एक शब्द बोलला नव्हता. "मी मागं टॉर्च दाखवायला उतरलो होतो ना, मागं समदा अंधार होता," तो म्हणाला. म्हणजे अर्थिंग नव्हे, मेन वायरच.

चाकांना दगड लावले. मीटरची एक लांब तार सेल्फच्या बोल्टला आणि दुसरी फ्यूज बॉक्सच्या बोल्टला जोडली, इंजिन बंद ठेवून हेडलाइट, पार्किंग आणि वायपर असे सगळे ओझे एकदम टाकले. अशा जोडणीत मीटर बॅटरीचे व्होल्ट दाखवत नाही, तर रस्त्यात गळणारे व्होल्ट दाखवतो. धडधाकट वायरीत हा आकडा 0.2 च्या आत राहिला पाहिजे. इथे तो 0.6 होता आणि पाहता पाहता 0.9 झाला. मी क्लीनरला मीटरवर डोळा ठेवायला सांगून कॅबिन उचलायला घेतली. कॅबिन वीतभरही वर गेली नसेल, तोच तो ओरडला, "चार... अकरा... चोवीस!" आणि त्याच क्षणी सगळे दिवे विझले. चालक माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्यांची गाडी मुद्दाम बंद पाडली.

बिजागरीपाशी कोणीतरी ती वायर नायलॉनच्या पट्टीने चासीला घट्ट आवळली होती. कॅबिन टिल्ट करताना वायरीला थोडा ढिलेपणा लागतो. तो नसल्याने दरवेळी एकाच जागी तिला पीळ बसत होता, आणि बिघाड शोधण्यासाठी या पंधरा दिवसांत कॅबिन जितक्यांदा उचलली गेली, तितकी ती वायर अधिकच तुटत गेली. बाहेरून पाहता आवरण अखंड होते. बोटांनी चाचपले तेव्हा एका जागी ते लिबलिबीत लागले, आतून पोकळ असल्यासारखे. बॅटरीची निगेटिव्ह सोडून मी ब्लेडने तिथले आवरण चिरले. आत तांबे नव्हते, हिरवट-काळी भुकटी होती, आणि तिच्यात न कुजता उरलेल्या तारा मोजल्या, तर अकरा भरल्या. त्याही मधे तुटलेल्या होत्या, त्यांची टोके नुसती एकमेकांना टेकून होती. रात्री हेडलाइट लागले की ती तापत, आवरण मऊ पडे आणि पुलाच्या सांध्यावर एक दचका बसताच टेकलेली टोके सुटत. गाडी थांबली की थंड होऊन पुन्हा टेकत. चारपैकी तीन वेळा वीज रात्रीच का गेली, याचा उलगडा तेव्हा झाला.

पूर्वीच्याच जाडीची तांब्याची नवी वायर घेतली, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे बोल्टवर बसणारी धातूची कडी, दाबून बसवले, सगळी नळीतून ओढली आणि बिजागरीपाशी सैल वळण ठेवले. डायरेक्ट केलेला कटऑफ स्विचही पुन्हा जोडला. चालक नको म्हणत होते, पण वायर पेटली तर बॅटरी तोडायला दुसरे साधन गाडीत नव्हते, त्यामुळे तिथे मी ऐकले नाही. मग सगळे दिवे लावून कॅबिन तीनदा वर-खाली केली, आकडा 0.1 च्या पुढे सरकला नाही.

बिलाच्या वेळी मालकांचा फोन आला. दीड मीटर वायरीचे एवढे पैसे कसे, असे त्यांचे म्हणणे होते. मी चालकांकडे फोन दिला. त्यांनी दोन मिनिटे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "मालक, आज मांजरसुंब्याचा घाट रात्री चढतो. वायरीचा तुकडा संगं आणतो, तुम्ही बघा."

तुकडा मलाही हवा होता, दुकानातल्या पोरांना दाखवायला. शेवटी पक्कडीने मधोमध कापून अर्धा त्यांना दिला. त्यांच्या वाट्याला सहा तारा गेल्या, माझ्याकडे पाच राहिल्या, असे क्लीनर मोजून म्हणाला. मी त्याला सांगितले की, बाबा, त्या आडव्या कापल्यात, दोन्हीकडे अकराच आहेत.